चौथ्या अक्षरावर

टोळीत त्यांना सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. एकदा त्यांनी साद दिली आणि शेजारच्या कारखान्यातली माणसं सुट्टी झाली समजून डबे घेऊन बाहेर आली, असं मुकादम सांगायचा. भोंगा ते कधी खोडून काढत नसत. घरी मात्र ते हळू बोलत. आवाज कामासाठी राखून ठेवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

टोळीचं काम अवजड यंत्रं हलवण्याचं. जिथे क्रेन शिरत नाही, दार अरुंद असतं किंवा छत खाली आलेलं असतं, तिथे या माणसांना बोलावणं येई. यंत्राखाली फळ्या, फळ्यांवर गोल फिरणारे लोखंडी रूळ, आणि पुढे दोन दोर, एक डावा, एक उजवा. दोन्ही दोर एकाच क्षणी ओढले गेले पाहिजेत. एक आधी आणि दुसरा नंतर गेला की यंत्र वाकडं होतं, आणि वाकडं झालेलं यंत्र मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून साद लागते. भोंगा दोन ओळी म्हणायचे. दुसरी ओळ संपली की सगळे 'हो' म्हणायचे आणि त्या 'हो'वर ओढायचे.

लोखंडाला नाही कान
हलवू या त्याची मान

हो. यंत्र वीतभर पुढे.

मुकादम झाला जाड
त्याला आधी खाली पाड

हो. आणखी वीतभर.

ओळी त्यांना जागच्या जागी सुचत. कुणाच्या टकलावर, कुणाच्या सासूवर, काम देणाऱ्या मालकाच्या चपलांवरसुद्धा. हसत ओढलं की वजन हलकं लागतं, असं ते म्हणायचे. पण एक शिस्त होती. जुन्या ओळी सगळ्यांना पाठ होत्या, त्या थेट चालत. नवी जोडी मात्र आधी एकदा कोरी म्हणायची, दोराला ताण न देता. मग तीच पुन्हा, ओढीसकट. असं का, म्हणून कुणी विचारलं तर ते सांगत, "नव्या पाहुण्याची आधी ओळख करून घ्यावी, मग त्याच्या खांद्यावर हात टाकावा."

त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत भाषा शिकवायची. वरच्या वर्गांना यमक, वृत्त, ध्रुवपद असलं सगळं तिच्याकडेच असे. कवितेच्या ओळीवर खडूने रेघा मारून, अक्षरं सुटी करून ती मुलांना दाखवायची. बापाच्या ओळींचं तिने असं कधी केलं नव्हतं. लहानपणी त्या ऐकत झोपली होती, एवढंच.

डाव्या दोराचा पहिला गडी होता सावकाश. हेही टोळीनेच ठेवलेलं नाव. तो जेवायला बसला की बाकीच्यांची एक डुलकी व्हायची. स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचला, असं त्याची बायको सांगायची आणि तो शेजारी बसून मान हलवायचा. पण दोर त्याच्या हातात असला की मागच्या चौघांना काळजी नसे. भोंग्यांनीच त्याला कामाला लावला होता, शिकवला होता.

त्या दिवशी एक जुना छापखाना रिकामा होत होता. छपाईचं भलंमोठं बिडाचं यंत्र कुणीतरी विकत घेतलं होतं. ते फळ्यांच्या चढावरून ट्रकमध्ये चढवायचं होतं. विकत घेणाऱ्यांचा इंजिनिअर सकाळपासून घड्याळ बघत उभा होता. टोळीने यंत्र दारापर्यंत आणलं, चढाच्या मध्यावर नेलं. तिथे भोंगा दम घ्यायला थांबले आणि नवी जोडी सुचते आहे अशा खुणेने त्यांनी हात वर केला.

"किती वेळ गाणार?" इंजिनिअर म्हणाला. "ट्रक खोळंबलाय. काय म्हणायचं ते एकदाच म्हणा आणि ओढा."

मुकादमाने भोंग्यांकडे पाहिलं. भोंगा गालात हसले. त्या माणसाच्या घाईवरच त्यांना ओळी सुचल्या होत्या. त्यांनी हात खाली आणला आणि एकदाच म्हटलं, ओढीसकट.

आज नको कुणा घाई
घरी आई वाट पाही

डावा दोर आधी गेला. यंत्राचा डावा कोपरा पुढे झाला, खालचे रूळ तिरके झाले, आणि त्याच वेळी उजव्या दोराचा हिसका बसला. रूळ फळीवरून निसटले. यंत्र डावीकडे बसलं, क्षणभर तसंच थांबलं आणि मग फळ्यांच्या कडेवरून खाली गेलं. सावकाश सगळ्यांत जवळ होता. त्याच्या मागच्या गड्याचा पाय घोट्यापासून चिरडला. सावकाशला बाहेर काढायला यंत्र उचलावं लागलं, आणि ते उचलायला साद देण्याइतका आवाज भोंग्यांच्या घशात उरला नव्हता. माणसांनी पहारी लावून, ज्याला जसं जमेल तसं उचललं. तोवर सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. कामगार खात्याचा अधिकारी आला, फळ्या मोजल्या, दोर बघितले. दोर धड होते, रूळ धड होते. उजव्या दोराची माणसं बहुतेक नवी होती. त्यांनी सांगितलं, आम्ही बरोबर जागी ओढलं, डावीकडचे आधी ओढून मोकळे झाले. डावीकडचे जुने. त्यांना काय सांगावं कळेना. पाय गेलेला गडी दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाला, "मी पुढच्याला बघून ओढलं." पुढचा म्हणजे सावकाश. बाकीच्या तिघांनीही मग तेच सांगितलं. अहवालात आलं, की मृत व्यक्तीने इशारा पूर्ण होण्याआधी दोर ओढला आणि त्यामुळे अपघात घडला.

मेलेल्या माणसाला कुणी उलटतपासणी करत नाही. वस्तीत बोलणं सुरू झालं. एकाच्या घाईपायी दुसऱ्याचा पाय गेला, असं. पाय गेलेल्याने आपल्या बायकोला सावकाशच्या घरी भेटायलाही जाऊ दिलं नाही.

भोंगा कामावर जाईनात. मुकादम दोनदा येऊन गेला. "तुमच्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही," तो म्हणाला. "कागदावर तुमचं नावही नाही. मग कशाला मनाला लावून घेता?"

"म्हणूनच," भोंगा म्हणाले.

एका रविवारी दुपारी मुलगी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती. प्रश्न होता, दिलेल्या कडव्यातलं यमक, अक्षरसंख्या आणि पुनरावृत्ती ओळखा. भोंगा येऊन समोर बसले.

"हे तू फळ्यावर सोडवून दाखवतेस ना," ते म्हणाले, "तसं माझ्या ओळीचं करशील?"

"कुठल्या ओळीचं?"

"त्याच."

तिने पेन खाली ठेवलं. "बाबा, अहवाल झालाय."

"अहवाल त्यांचा झाला. मला माझं बघायचंय. ते काय म्हणतात, की सावकाशने घाई केली. अगं, त्याला मी ओळखतो. तो घाईत मरूसुद्धा शकला नसता." एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले, कारण शब्द भलतेच निघाले होते.

तिने कोरा कागद ओढला. दोन्ही ओळी लिहिल्या, अक्षरं सुटी केली. आ-ज-न-को-कु-णा-घा-ई. आठ. घ-री-आ-ई-वा-ट-पा-ही. आठ. चार अक्षरांवर दोन्हीकडे विसावा, मग पुढची चार. कुठे ओढाताण नाही, कुठे अक्षर चेपलेलं नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आठाला आठ. तुमच्या नेहमीच्या ओळींसारखीच."

"मग डावीकडचे आधी का ओढले?"

"ते मला कसं कळणार? पुढच्याने ओढलं म्हणून."

"आणि पुढच्याने का ओढलं? तो काय आठ मोजायचा? आम्ही जुने कुणी मोजत नाही. मी त्याला एवढंच शिकवलं होतं, पहिली ओळ आवाज देते, दुसरीत तो आवाज परत येतो. आवाज परत आला की ओढ."

तिचं लक्ष कागदावर गेलं. पहिल्या ओळीच्या शेवटी घाई. तिने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते चौथ्या अक्षरावर थांबलं. आई. घाई, आई. शेवटी येणाऱ्या पाहीपेक्षाही जवळचं, आणि नेमकं विसाव्याच्या जागी.

वर्गात तिने हे कितीदा सांगितलं होतं. ओळीच्या पोटातही यमक येतं, कानाला ते गोड लागतं. तिने कागदाची घडी घातली.

"अक्षरं बरोबर आहेत, बाबा," ती पुन्हा म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती वाट वाकडी करून उजव्या दोरावरच्या एका नव्या गड्याकडे गेली. तो सायकलची साखळी बसवत होता. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, ओढायची जागा तुम्ही कशी ओळखता?

"मोजतो की," तो म्हणाला. "आठ आणि आठ. आम्हाला मुकादमाने तसंच शिकवलं. बोटांवर मोजत होतो आधी, आता डोक्यात चालतं."

"आणि जुने लोक?"

"ते काय, मुरलेले. त्यांना आपोआप कळतं." त्याने साखळी बसवून पायडल फिरवलं. "बाई, काही झालंय का?"

"नाही," ती म्हणाली.

नवे गडी आल्यापासून एकाच टोळीत दोन प्रकारचे कान होते. काही आठवं अक्षर ऐकत होते, काही परत येणारा आवाज. दोन्ही नेहमी एकाच जागी पडत आले, म्हणून कुणालाच पत्ता नव्हता. भोंग्यांनाही नाही. तीच जोडी आधी एकदा कोरी म्हटली असती, तर जुन्यांना कळलं असतं की हा आवाज मध्येच एकदा येऊन जातो, त्याला फसायचं नाही.

तिने हे आधी आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने सगळं ऐकून घेतलं.

"झालं सांगून?" आई म्हणाली. "आता गिळून टाक. त्याचा जीव गेला तो परत येतो का? उरलाय त्याचा कशाला घ्यायचा?"

"सावकाशच्या नावाला बट्टा लागलाय, आई."

"त्याला आता काय लागतंय आणि काय नाही. यांना लागेल. हे झोपत नाहीत, मी रोज बघते. तू जर हे सांगितलंस, तर समोरचा घास गळ्याखाली उतरायचा नाही त्यांच्या."

मुलीने सांगितलं नाही. शाळेत गेली, आली, वह्या तपासल्या. आठवडा तसाच गेला. भोंगा पुन्हा विचारत नव्हते, पण ती घरात आली की तिच्याकडे बघत. परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेल्या मुलासारखं.

मग सावकाशची बायको आली. ती घरीच शिवणकाम करायची. तिच्या पदराला दोऱ्याचे तुकडे तसेच चिकटलेले होते. ती बसली नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.

"एकच विचारायला आले," ती भोंग्यांना म्हणाली. "तुम्ही समोर होतात. तोंड त्यांच्याकडे करून उभे होतात. खरंच घाई केली का हो त्यांनी?"

"मला माहीत नाही," भोंगा म्हणाले.

"तुम्हाला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"खरंच नाही गं. मी रोज तेच बघतो. डोळे मिटले की तेच बघतो. त्याने ओढलं, एवढं दिसतं. का ओढलं ते दिसत नाही."

"घरात कधी घाई केली नाही त्या माणसाने," ती म्हणाली. "पोरगी आजारी पडली तर मी कावरीबावरी व्हायची, आणि हे चपला शोधत बसायचे. तेव्हा राग यायचा. आणि आता लोक म्हणतात घाई केली. मी भांडू तरी कुणाशी?"

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. आईने तिचं मनगट धरून ठेवलं होतं. सावकाशच्या बायकोची नजर तिच्याकडे गेली. मुलीने मान खाली घातली. ती बाई निघून गेली.

आईने मनगट सोडलं तेव्हा तिथे बोटं उमटली होती. मुलगी बाहेर आली आणि बापासमोर बसली.

"बाबा, अक्षरं बरोबर होती. यमक दोनदा आलं."

तिने घडी केलेला कागद उलगडला, घाईखाली रेघ मारली, आईखाली मारली. तिने दोन्ही शब्द एकापाठोपाठ म्हणून दाखवले. मग नव्या गड्याने काय सांगितलं ते सांगितलं. तिला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल. पण पहिल्या रेघेलाच त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आत्तापर्यंत डोळ्यांपुढे जे दिसत होतं त्याला आता आवाज मिळाला होता.

"म्हणजे त्याने बरोबर ओढलं," ते म्हणाले.

"तुम्ही शिकवलं होतं तसं."

"आणि मी कोरी म्हटली नाही."

"त्या इंजिनिअरने घाई लावली म्हणून."

"सांगणारा तो. म्हणणारा मी." त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "ओळ कशी होती? तसं नाही विचारत. ओळ म्हणून."

ती गोंधळली. खोटं बोलायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. "चांगली होती, बाबा. तुमच्या सगळ्या ओळींत चांगली."

"हं," ते म्हणाले. "म्हणताना मलाही वाटलं होतं."

आत पातेलं आपटल्याचा आवाज आला. आई रडत होती की रागावली होती, ते कुणी आत जाऊन पाहिलं नाही.

सकाळी भोंगा उठून सावकाशच्या घरी गेले. मुलगी सोबत होती. शिवणयंत्रावर गणवेशांचा ढीग होता. भोंग्यांनी उभ्यानेच सांगितलं, जे होतं ते, स्वतःला कुठेही न वाचवता. सावकाशची बायको ऐकत होती आणि हातातलं कापड घट्ट होत चाललं होतं.

"म्हणजे ते चुकले नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्ही चुकलात."

"हो."

"मग इथे माझ्या खोलीत कशाला सांगताय?" तिचा आवाज चढला नाही. "मला तर आधीच माहीत होतं. जिथे त्यांचं नाव घेऊन थुंकतात तिथे सांगा."

टोळी रोज सकाळी शेडमध्ये जमायची. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टांगलेले दोर, कोपऱ्यात रुळांचा ढीग. दुसऱ्या दिवशी भोंगा मुलीला घेऊन आत आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. पाय गेलेला गडीही कुबडी घेऊन येऊन बसू लागला होता. घरात बसून वेड लागतं, म्हणायचा. सावकाशची बायको दारापाशीच थांबली. तिला बघून कुजबुज थांबली.

भोंगा बोलायला लागले पण त्यांना नीट सांगता येईना. आवाज परत येतो, मध्येच येतो, असं काहीतरी ते म्हणत राहिले. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मुकादम म्हणाला, "अहो, कागदावर सगळं मिटलंय. तुम्ही कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

तेव्हा मुलगी पुढे झाली. आदल्या रात्री तिने दोन ओळी केल्या होत्या. इतकी वर्षं कविता शिकवून तिने स्वतः कधी ओळ केली नव्हती. तिने कागद बापाच्या हातात दिला.

"माझं एक ऐका," ती माणसांना म्हणाली. "दोर घेऊ नका. नुसते हात मोकळे ठेवा. बाबा नवी जोडी म्हणतील, एकदाच. ओढायची जागा आली की टाळी द्या. दुसऱ्याकडे बघायचं नाही. डोळे मिटा."

माणसांनी डोळे मिटले. भोंग्यांनी कागद वाचला. तिने काय केलंय ते त्यांना कळलं होतं. त्यांनी घसा साफ केला. आवाज फाटलेला निघाला, पण शेडमध्ये भरून राहिला.

खांद्यावर आहे भार
चला चार, आलं दार

'चार'वर टाळ्या पडल्या. चार-पाच, जोरात. मग 'आलं दार' झालं आणि बाकीच्या टाळ्या पडल्या. दोन आवाज, एकामागून एक, आणि मध्ये एक लहानशी पोकळी.

माणसांनी डोळे उघडले. कुणी आधी वाजवली, कुणी नंतर, हे कुणाला सांगावं लागलं नाही. पाय गेलेल्याची कुबडी खाली पडली होती. टाळीसाठी त्याने ती सोडली होती. त्याने टाळी 'चार'वर दिली होती, सगळ्यांत आधी. तो आपल्याच तळहातांकडे बघत राहिला.

सावकाशची बायको दारातून म्हणाली, "तुम्हीसुद्धा तिथेच वाजवलीत."

त्याने मान हलवली.

"पुढे तर आज कुणी नव्हतं बघायला."

"नव्हतं," तो म्हणाला.

ती आणखी काही बोलेल म्हणून सगळे थांबले. ती पदर सारखा करून वळली आणि निघून गेली. मग भोंगा म्हणाले, "सावकाशचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. ओळ माझी होती." एका नव्या गड्याने वाकून कुबडी उचलली आणि पाय गेलेल्याच्या हातात दिली.

भोंगा आणि मुलगी चौकशी अधिकाऱ्याकडेही गेले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मुलीला टेबलावर बोटं वाजवून दोनदा दाखवायला लावलं. मग पेन हातात घेऊन म्हणाला, "बाई, हे मी लिहू कसं? यमक म्हणजे काय, ते आमच्या वरच्या साहेबांना कळलं पाहिजे." तिने सोप्या शब्दांत सांगितलं. त्याने लिहून घेतलं. इंजिनिअरचं बोलणंही तिने सांगितलं.

चौकशी पुन्हा उघडली. इंजिनिअरला असं काही म्हटल्याचं आठवत नव्हतं. मुकादमाला विचारलं. त्याला यंत्र विकत घेणाऱ्यांकडूनच पुढची कामं मिळायची होती, आणि टोळीची सगळी घरं त्या कामांवर चालत होती. तो म्हणाला, मी त्या वेळी फळीकडे बघत होतो, मला काही ऐकू आलं नाही. बाकीच्यांनी मुकादमाचा चेहरा बघून तेच सांगितलं. नव्या अहवालात सावकाशचं नाव राहिलं नाही. त्या जागी आलं, की इशारा देणाऱ्याने प्रथेप्रमाणे इशाऱ्याची पूर्वसूचना न देता फसवा इशारा दिला. भोंग्यांना कुठल्याही कामावर इशारा द्यायला बंदी झाली. घाई लावणारा माणूस त्या कागदात कुठेच नव्हता.

मुलगी चिडली. वर दाद मागू म्हणाली. भोंग्यांनी अहवाल दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "यात लिहिलंय त्यातलं खोटं काय आहे?"

"जे लिहिलं नाही ते."

"ते राहू दे," ते म्हणाले. "ते त्यांच्याजवळ राहू दे."

टोळी आता शिट्टीवर ओढते. एक लांब, एक आखूड. मुकादमाने मेहेरबानी म्हणून भोंग्यांना शेडमध्ये दोर तपासायचं काम दिलं. ते सकाळी जातात, दोर पायापाशी घेऊन बसतात, कुठे धागा तुटलाय ते बोटांनी शोधतात. माणसं त्यांच्याशी नीट बोलतात, पण त्यांच्यासमोर हसत नाहीत. घरी ते आधीही हळूच बोलत, आता फारसं बोलतच नाहीत. आईला वाटतं, मुलीने ऐकलं असतं तर बरं झालं असतं. ती तसं म्हणत नाही, पण ताट वाढताना मुलीच्या बाजूला बघत नाही.

मुलगी नवा अहवाल घेऊन सावकाशच्या घरी गेली होती. त्याच्या बायकोने तो तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला.

"यात त्यांचं नाव कुठे आहे?"

"आता नाही."

"बरं." तिने कागद घेऊन कपाटात ठेवला आणि पुन्हा यंत्रावर बसली. पाय गेलेल्याची बायको आदल्या दिवशी येऊन बसून गेली होती, हे तिने आपणहून सांगितलं. काय बोलणं झालं, ते नाही.

निघताना मुलीने विचारलं, "बाबा म्हणत होते, एकदा येऊन जाऊ का. पोरीला बघायला."

शिवणयंत्र थांबलं. सावकाशच्या बायकोने सुई वर केली, कापड सोडवून घेतलं, दोरा दातांनी तोडला.

"त्यांनी सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "दुसरा असता तर गप्प बसला असता. पण माझ्या दारात नको. आवाज ऐकला की मला ते आठवेल."

मुलीने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. भोंग्यांनी मान डोलावली. शेडकडे जायचा जवळचा रस्ता त्या घरावरून होता. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या रस्त्याने, गोदामांच्या बाजूने जाऊ लागले. लांब पडायचा. गुडघे दुखायचे त्यांचे. पण ते त्याच रस्त्याने जात राहिले.